हवामान बदल म्हणजे काय? : घरातील तरुण मुलांसाठी पाठ



खोडव्याच्या शिवार फेरीत एका सभासदाच्या अकरावीतल्या मुलाने विचारले, "साहेब, हवामान बदललंय म्हणतात, ते नेमकं काय?" शेजारचे आजोबा लगेच म्हणाले, "72 ला बी दुष्काळ पडला, तवा काय बदललं होतं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून हा पाठ. मुलांना समोर बसवून वाचावा.

हवा व हवामान : आज ऊन, उद्या पाऊस, ही रोजची हवा. साधारण 30 वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. एका सालच्या टनेजवरून जमिनीची प्रत ठरत नाही, तसे एका दुष्काळावरून हवामान ठरत नाही. मात्र 1850 ते 1900 च्या मानाने साऱ्या पृथ्वीची सरासरी उष्णता एक अंशाहून अधिक वाढली आहे. 2024 हे तोपर्यंतच्या नोंदींतील सर्वांत उष्ण साल ठरले.

कारण : घोंगडी स्वतः तापत नाही, अंगाची ऊब धरून ठेवते. हवेतील कर्बवायू, मिथेन व नायट्रस ऑक्साइड यांची पृथ्वीवर अशीच घोंगडी आहे. ती नसती तर आपण गारठलो असतो. बिघडले ते ती जाड झाल्याने. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे 1958 साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू सुमारे 315 भाग होता. आता तो 420 च्या वर आहे. मुख्य कारण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळणे.

"मग बॉयलरमध्ये चिपाड जळतं ते?" असे मुले विचारतील. ऊस वाढताना जो कर्बवायू घेतो, तोच चिपाड जळताना परत जातो. यंदाची उचल, यंदाच फेड. कोळसा मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला. त्याची भर नवी पडते.

आपल्यावर परिणाम : हवा एक अंश तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे रान लवकर सुकते आणि पाऊस आला तर ओतल्यासारखा येतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात उभा ऊस बुडाला. प्रत्येक संकट हवामान बदलानेच आले असे म्हणू नये. पण अशा सालांचा धोका वाढतो, हे खरे.

आपण काय करावे?

1. पाचट पेटवू नये. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. ते सरीत कुजवले तर ओल टिकते व सेंद्रिय कर्ब वाढतो.

2. युरिया एकदम न टाकता हप्त्याने, वाफशावर, मातीआड द्यावा. पाणी साचलेल्या सरीत युरियातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. वजनास वजन धरले तर तो कर्बवायूच्या अडीचशे पटींहून जास्त उष्णता धरतो.

3. शक्य तेथे ठिबक करावे. पाणी वाचते, तशीच पंपाची वीजही.

एका गावाने पाचट राखले म्हणून जगाची उष्णता उतरणार नाही. पण आपले रान उन्हाळ्यात तग धरील. सात-बारा उद्या याच पोरांच्या नावे होणार आहे. रान कसे द्यायचे ते आपण ठरवावे.

– ऊस विकास अधिकारी