जुन्या मोटारसायकलींची निगा व दुरुस्ती
(मढ येथील एका लहान मंडळीचा अनुभव)

आज बहुतेक वस्तीवर एखादी जुनी मोटारसायकल असतेच. दुधाचे कॅन डेअरीवर, भाजी बाजारांत, खताचें पोतें शेतावर आणि आजारी माणूस दवाखान्यांत तीच पोंचविते. असें असूनही बैलाच्या वैरणीची जितकी आठवण आपण ठेवतों तितकी तिच्या तेलाची ठेवीत नाहीं. म्हणून या विषयावर आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आम्ही कारागीर नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों आहों. जें कांहीं शिकलों तें पांच सोबत्यांच्या संगतींत व एका चुकीची किंमत देऊन शिकलों.

आमचें गांव मढ. तें मुंबई उपनगर जिल्ह्यांत मालाडच्या पश्चिमेस समुद्रकांठीं आहे. समोर वर्सोवा दिसतें, परंतु मध्यें खाडी असल्यामुळें तेथें जाण्यास होडींत बसावें लागतें, नाहींतर मार्व्यावरून मालाडास जाऊन मोठा वळसा घ्यावा लागतो. यामुळें कोळ्यांची मासळी असो वा वाडींतली भाजी असो, दुचाकीवांचून येथें चालत नाहीं.

चूक कोठें झाली

२०१४ सालच्या ऑक्टोबरांतील गोष्ट. मार्व्याकडून घरीं येत असतां उतारावर पुढची रिक्षा एकाएकीं थांबली. आम्हीं मागचा ब्रेक दाबला, तों ब्रेकची सळई आट्यांपाशीं तुटली. एकटा पुढचा ब्रेक पुरला नाहीं व आम्ही रस्त्यावर आपटलों. आम्हांस खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. परंतु मागें शेजाऱ्यांचा मुलगा बसला होता, त्याचें उजवें मनगट मोडलें. तें त्याचें दहावीचें वर्ष होतें, आणि दोन महिने त्याला लेखणी धरतां आली नाहीं.

सळई काढून पाहिली तेव्हां आटे गंजून पार पोखरले होते. वरून मात्र ती काळीभोर दिसत होती, कारण दसऱ्याच्या आधीं तिला रंग आम्हींच लाविला होता. मुलाच्या वडिलांनीं एवढेंच विचारलें, "भाऊ, ब्रेक शेवटीं केव्हां उघडला होता?" पंचवीस वर्षें लोकांच्या जमिनींच्या नोंदी तारीखवार तपासणाऱ्या आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

पुढें गाडी विकण्याचा विचार होता. परंतु बोटींचीं इंजिनें दुरुस्त करणारे एक शेजारी म्हणाले, "विकलीत तर तुटकी सळई दुसऱ्याच्या पायाखालीं जाईल. त्यापेक्षां नीट करा." तेथून आमच्या मंडळीस आरंभ झाला. आज तींत सहा असामी व पांच गाड्या आहेत : एक जावा, दोन येझदी, एक राजदूत व एक बुलेट.

गाड्यांची ओळख

म्हैसूर येथें १९६० सालीं आयडियल जावा हा कारखाना स्थापन झाला व चेकोस्लोव्हाकियांतील जावा गाडीच्या नमुन्यावर येथें गाड्या होऊं लागल्या. १९७३ पासून त्यांस येझदी हें नांव मिळालें. कारखाना १९९६ सालीं बंद पडला. राजदूत ही एस्कॉर्ट्सची, पोलंडमधील नमुन्यावरून केलेली १७५ सी. सी. ची गाडी, तिचेंही उत्पादन थांबलें आहे. बुलेट १९५५ पासून मद्रासेस होऊं लागली व तिचा वंश अद्यापि चालू आहे. जावा व येझदी हीं नांवें अनुक्रमें २०१८ व २०२२ मध्यें नव्या गाड्यांस देण्यांत आलीं, परंतु त्या यंत्रांचे भाग जुन्यांस लागत नाहींत. यास्तव जुन्या येझदीचा भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारांत, चोर बाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत शोधावा लागतो. जो भाग सहज मिळत नाहीं तो झिजूं न देणें हाच स्वस्त उपाय होय.

गंज : खारा वारा आणि खताचें पोतें

आमच्याकडे वाऱ्याबरोबर मीठ येतें. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून उन्हाळ्यांतही धातूवर ओलसर थर राहतो व लोखंड आंतून खाल्लें जातें. ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी येते, तीही झीजच. मासळीच्या पाटींतून ठिबकणारें खारें पाणी तर सर्वांत वाईट.

देशावरील शेतकरी म्हणतील कीं, आमच्याकडे समुद्र कोठें आहे? त्यांनीं आपल्या गाडीचें कॅरियर नीट पाहावें. म्युरिएट ऑफ पोटॅश हें खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठांतील जो क्लोराइडचा अंश लोखंड खातो तोच त्यांत आहे. अमोनियम सल्फेटही ओल धरून धातू खातें, आणि मोरचूद तर लोखंडास व ॲल्युमिनियमास दोहोंस वैरी आहे. पोतें फाटून सांडलेली मूठभर भुकटी सीटखालीं वायरींत व ब्रेकच्या सांध्यांत जाऊन बसते. मढास वारा जें करतो तें देशावर पोतें करतें.

उपाय साधे आहेत. खत, औषध किंवा मासळी वाहिल्यावर त्याच दिवशीं गाडी गोड्या पाण्यानें धुवावी, पुसावी व उन्हांत सुकवावी. वायरींच्या जोडांस पेट्रोलियम जेली लावावी. ब्रेकची सळई, तरफा, स्टँडचा खिळा व केबलचीं टोंकें यांवर तेलाचा हात फिरवावा. मात्र ब्रेकच्या लायनरवर तेलाचा थेंबही जाऊं देऊं नये. गंजावर रंग कधींही लावूं नये. आधीं पत्रीकागदानें गंज खरवडावा, भाग किती उरला तें पाहावें, आणि मगच रंगाचा विचार करावा. ब्रेकच्या भागांत आटे खाल्ले गेलेले दिसले तर तो भाग बदलावा; तेथें काटकसर नको.

इंधन

उसापासून व धान्यापासून होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळण्याचें प्रमाण २०२२ च्या जूनमध्यें शेंकडा १० व २०२५ मध्यें शेंकडा २० झालें. ऊस पिकविणारांस यांत लाभ आहे व त्यास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु आपल्या जुन्या गाड्या या इंधनासाठीं केलेल्या नाहींत, हें जाणून वागलें पाहिजे.

पहिली गोष्ट, इथेनॉल पाणी ओढून घेतें. दमट जागीं गाडी महिनाभर उभी राहिली व पाण्याचें प्रमाण मर्यादेबाहेर गेलें, म्हणजे पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशीं निराळा थर बसतो. टाकी आंतून गंजते. टू-स्ट्रोक गाडींत याहून मोठा धोका आहे. तेथें पिस्टन व क्रँक यांस पेट्रोलांत मिसळलेल्या तेलाखेरीज दुसरें वंगण नसतें. तळाचा पाणचट थर इंजिनांत गेला तर त्याबरोबर पुरेसें तेल जात नाहीं व पिस्टन धरतो. यासाठीं पंधरा दिवसांहून अधिक काळ गाडी उभी ठेवावयाची असल्यास टाकी व कार्बोरेटर दोन्ही रिकामीं करावींत. रोज रात्रीं पेट्रोलचा कॉक बंद करावा.

दुसरी गोष्ट, जुन्या रबरी नळ्या व वॉशर यांस इथेनॉल फुगवितें किंवा ठिसूळ करितें. इथेनॉल सोसणारी नळी बाजारांत मिळते. ती बसवावी व वर्षांतून एकदां वांकवून पाहावी. भेग दिसतांच टाकून द्यावी, कारण ठिबकणारें पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतें.

तिसरी गोष्ट, इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यामुळें त्याच हवेस थोडें अधिक इंधन लागतें. तें न मिळाल्यास इंजिन तापतें. याची परीक्षा प्लगवरून होते. दूरवर चालवून प्लग काढावा : टोंक चहासारखें तपकिरी असेल तर ठीक, काळें व काजळलेलें असेल तर इंधन अधिक, पांढरें फटक असेल तर इंधन कमी. पांढरें असल्यास मुख्य जेट एक नंबर मोठें घालून पुन्हां पाहावें. टू-टी तेल लिटरला ३० ते ४० मिलिलिटर मोजून घालावें. अंदाजानें ओतूं नये.

बंद पडल्यास काय पाहावें

इंधन, ठिणगी, दाब हा क्रम सोडूं नये. आमच्या वाडीवाल्यांची राजदूत तीन किलोमीटर गेली कीं बंद पडे व दहा मिनिटांनीं आपोआप चालू होई. एका कारागिरानें इंजिन बोर करण्याचा सल्ला दिला व मोठा खर्च सांगितला. बोटवाल्यांनीं रस्त्यांत बंद पडलेल्या गाडीच्या टाकीचें झांकण नुसतें उघडलें. आंत हवा शिरल्याचा आवाज झाला व गाडी चालू झाली. झांकणाचें बारीक छिद्र धूळ व मीठ यांनीं बुजलें होतें. आंत हवा जात नसल्यानें पेट्रोल खालीं उतरत नव्हतें. टांचणीनें काम झालें.

पेट्रोल येत असेल तर प्लग काढून टाकीपासून दूर धरून ठिणगी पाहावी. ठिणगी नसल्यास पॉइंट बारीक पत्रीकागदानें साफ करून अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावें. हें फिलर गेजनें मोजावें. ठिणगी व इंधन दोन्ही असून किक हलकी लागत असेल, तरच इंजिन उघडण्याचा विचार करावा.

वेळापत्रक

दर आठवड्यास : चाकांतील हवा, दोन्ही ब्रेक, क्लचची केबल, दिवा. साखळी सैल आहे काय तें पाहावें. बोटानें दाबल्यास दोन ते अडीच सेंटिमीटर हालावी. जावा-येझदीची साखळी बंद पेटींत असते, म्हणूनच तिचा विसर पडतो.

दर महिन्यास : प्लग, हवेची जाळी, बॅटरीचें पाणी, चाकांचे आरे, सर्व नटबोल्ट.

मेअखेर : टाकी आंतून पाहणें, वायरींचे जोड, इंधनाच्या नळ्या, गिअरचें तेल. मोठीं कामें आम्ही जून-जुलैंत काढतों, कारण त्या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते व बोटवाल्यांस सवड असते. शेतकऱ्यांस पेरणी आटोपल्यावरची उघडीप सोयीची पडेल.

खंडेनवमीस : दोन्ही ब्रेक उघडून लायनर, स्प्रिंग व सळई पाहणें. हार घालावयाचा तो त्यानंतर.

मंडळीचे नियम

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारीं आम्ही वाडींतील आंब्याखालीं जमतों. हत्यारें सामाईक आहेत. ज्याची गाडी उघडली असेल त्यानें स्वतः हात काळे केले पाहिजेत. भागांची किंमत मालकाची, चहा वाडीवाल्यांचा. कोणाकडे कोणता जुना भाग पडून आहे याची यादी असते, त्यामुळें एकाची अडगळ दुसऱ्याची गरज भागविते. जुलैच्या दुसऱ्या रविवारीं जावा-येझदीचे शौकीन ठिकठिकाणीं जमतात, तेथेंही आम्ही जातों. त्यांस गाडी मूळ रूपांत हवी असते व आम्हांस कामास हवी असते, तरी दोघांनीं परस्परांकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

या सर्वांत महत्त्वाचा नियम नोंदवहीचा आहे. प्रत्येक गाडीस एक पान. तारीख, मीटरचा आंकडा, काय उघडलें, काय बदललें व किती खर्च झाला हीं सदरें. शेवटीं दोन सह्या. आमच्या खात्यांत नोंद एकानें लिहावी व दुसऱ्यानें तपासून प्रमाणित करावी अशी रीत आहे. तीच आम्हीं येथें घातली. ज्यानें ब्रेक बसविला त्यानें तो पास करावयाचा नाहीं. दुसऱ्यानें गाडी चालवून, ब्रेक दाबून, मगच सही करावयाची. आपल्या हातचें काम आपणांस नेहमीं बरेंच दिसतें. २०१४ सालीं त्या सळईकडे दुसऱ्या कोणीं पाहिलें असतें, तर रंगाखालचा गंज त्याच्या दृष्टीस पडला असता.

कागदपत्रें

खाजगी गाडीचें नोंदणीपत्र १५ वर्षांनीं नवें करून घ्यावें लागतें व पुढें दर ५ वर्षांनीं. त्या वेळीं आपल्या राज्यांत पर्यावरण करही भरावा लागतो. मयत वडिलांच्या नांवावरची गाडी तशीच वापरूं नये. अपघातसमयीं विम्याचा प्रश्न उभा राहतो. ५० वर्षांवरील गाड्यांस २०२१ च्या नियमांनीं विंटेज म्हणून निराळी नोंदणी मिळते, परंतु तशी गाडी नित्याच्या वा धंद्याच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं. जिला दूध वाहावयाचें आहे तिच्यासाठीं तो मार्ग नव्हे.

शेवटीं एकच विनंति. वाचकांनीं गांवांतील तीन-चार गाडीवाल्यांस एकत्र करावें, चाळीस पानांची एक वही घ्यावी आणि पहिल्या रविवारीं फक्त ब्रेक उघडावे. बाकीचें ओघानें येईल. आमची वही आतां तिसरी चालू आहे. ती लिहिण्याचें काम त्याच शेजाऱ्यांच्या मुलाकडे आहे. त्याचें मनगट बरें झालें असून अक्षर चांगलें आहे. आणि आमच्या येझदीच्या पानावर दुसरी सही तोच करितो.