पहिल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत कधी उतरायचे?



जयंती जवळ आली की शिरूर-दौंडच्या वस्त्यांमध्ये शरीरसौष्ठव स्पर्धांचे फलक लागतात. कुठे जयंती मंडळाची स्पर्धा, कुठे एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची, तर कुठे तालुक्याची 'श्री'. मग तालमीत, जिममध्ये जाणारी आपली पोरे विचारू लागतात, "ताई, या वर्षी उतरू का?" आता काही मुलीही विचारतात. हा प्रश्न चांगला आहे. जो मुलगा अंगावर मेहनत घेतो, तो गुटख्याच्या टपरीपासून लांब राहतो, वेळेवर झोपतो. म्हणून आम्ही नाही म्हणत नाही. कधी उतरायचे आणि कशाच्या जोरावर उतरायचे, एवढे मात्र घरात बसून ठरवावे लागते. आजच्या पानावर त्याचाच हिशेब मांडतो.

नैसर्गिक म्हणजे काय?

नैसर्गिक शरीरसौष्ठव म्हणजे स्टेरॉइड, ग्रोथ हार्मोन, चरबी जाळणारी किंवा लघवी वाढवणारी औषधे न घेता, फक्त व्यायाम, अन्न आणि झोप यांवर कमावलेले शरीर. हे शक्य आहे का? बंगालचे मनोहर आइच १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स झाले. उंची पाच फुटांहून कमी. इंग्रज अधिकाऱ्यावर हात उगारला म्हणून तुरुंगात गेले आणि तिथे साधने नसताना व्यायाम वाढवला. वयाची शंभरी ओलांडून २०१६ साली ते गेले. स्टेरॉइडची पहिली गाजलेली गोळी अमेरिकेत बाजारात आली ती १९५८ साली, म्हणजे त्यांच्या किताबानंतर सहा वर्षांनी.

एक गोष्ट मात्र पोरांना आधीच सांगा. उत्तेजकांच्या तपासणीसाठी जगात १९९९ साली 'वाडा' ही संस्था झाली. आपल्या देशात 'नाडा' आहे आणि २०२२ साली त्याबाबत कायदाही झाला. पण वस्तीतल्या किंवा गावच्या स्पर्धेत बहुधा कोणी लघवी तपासत नाही. तिथे तुमच्या शेजारी इंजेक्शन घेतलेला गडी उभा असू शकतो. तो तुमच्याहून मोठा दिसेल. पहिल्या स्पर्धेचा उद्देश त्याला हरवणे हा ठेवलात तर सहा महिन्यांत तुमच्याही हातात सुई येईल. उद्देश असा ठेवा, की मी माझे शरीर तयार करून, कोणतेही औषध न घेता, धडधाकट मंचावर चढेन आणि तसाच खाली उतरेन.

आधी किती वर्षे व्यायाम?

स्पर्धेची तयारी म्हणजे अंगावरची चरबी उतरवणे. त्या काळात खाणे कमी असते, त्यामुळे नवे स्नायू फारसे तयार होत नाहीत. आहेत तेच दिसू लागतात. कमावलेलेच नसेल तर चरबी उतरल्यावर माणूस पीळदार न दिसता नुसता वाळलेला दिसतो.

म्हणून आमचा सल्ला असा : किमान दोन ते तीन वर्षे आठवड्यातून चार दिवस, खंड न पडता व्यायाम झालेला असावा. पाय आणि पाठ यांचाही व्यायाम हवा. नुसते दंड आणि छाती फुगवून चालत नाही, मंचावर मागूनही बघतात. वयाची १८ वर्षे पूर्ण असावीत. वाढत्या वयातल्या मुलाला उपाशी ठेवून चरबी उतरवणे योग्य नाही.

दिवसांचा हिशेब

समजा एका मुलाचे वजन ६८ किलो आहे आणि त्यात चरबी १८ टक्के, म्हणजे सुमारे १२ किलो. उरलेले जवळपास ५६ किलो हाडे, स्नायू, पाणी वगैरे. मंचावर चरबी साधारण ७ टक्क्यांपर्यंत उतरवायची तर वजन ६० किलोच्या आसपास यायला हवे. उतरवायचे ८ किलो.

स्नायू न गमावता वजन उतरवायचे तर आठवड्याला आपल्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढाच वेग चालतो. या मुलाला आठवड्याला अर्धा किलो. म्हणजे ८ किलोला १६ आठवडे. मध्ये ताप येणार, घरात लग्न निघणार, रात्रपाळी लागणार, म्हणून दोन आठवडे जादा धरा.

आता आपली दिनदर्शिका बघा. ६ डिसेंबर ते १४ एप्रिल हे १२९ दिवस, म्हणजे साडेअठरा आठवडे. जयंतीच्या स्पर्धेत उतरायचे असेल तर महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास सुरुवात झालेली हवी. फेब्रुवारीत फलक बघून ठरवलेत तर हातात आठ-दहा आठवडेच उरतात. मग पोरे उपाशी राहतात, औषधे शोधतात. ज्याला उशीर झाला त्याने या वर्षी प्रेक्षकांत बसावे, पोझ कशा देतात ते बघावे आणि पुढच्या वर्षी उतरावे.

जिममधल्या यंत्रावर दिसणाऱ्या चरबीच्या आकड्यावर फार विसंबू नका. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन आणि बेंबीवरून कमरेचे माप वहीत लिहा. महिन्याला एक फोटो काढा. तेवढे पुरते.

ताटात काय, आणि कोणाच्या ताटातून?

अशा तयारीत किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने लागतात. ६८ किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम. ती अशी भरून निघतात : सहा अंडी (३६ ग्रॅम), सोयाबीन वड्या ५० ग्रॅम (२६ ग्रॅम), मटकी, हुलगे किंवा डाळ कोरडी १०० ग्रॅम (२२ ग्रॅम), बिनहाडाचे चिकन १०० ग्रॅम (२० ग्रॅम), दूध किंवा दही अर्धा लिटर (१६ ग्रॅम). यात भाकरीची प्रथिने धरलेलीच नाहीत. सुकट-बोंबलातही भरपूर प्रथिने असतात, पण मीठ जास्त, म्हणून भिजवून धुऊन घ्या.

डब्यातली पावडर लागतेच असे नाही. २०२४ साली केरळच्या डॉक्टरांनी भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. जवळपास ७० टक्के डब्यांवर लिहिलेला प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला, काहींत बुरशीचे विष सापडले. एवढे पैसे अंड्यांना द्या.

आता घरातल्या मोठ्यांसाठी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आहे. घरात एकाच्या ताटात सहा अंडी आणि आई-बहिणीच्या ताटात नुसती चटणी-भाकरी असे होत असेल, तर ती तयारी घराला परवडणारी नाही. आपल्या दुकानातला भाव धरून अठरा आठवड्यांचा खर्च आधी कागदावर काढा. कर्ज न काढता आणि दुसऱ्याचे ताट कमी न करता जमत असेल, तरच ते वर्ष तुमचे.

नोकरी आणि भरती

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत आपली कितीतरी पोरे कंत्राटावर, पाळ्यांमध्ये काम करतात. आठवड्याला पाळी बदलते, झोप मोडते, आणि झोप मोडली की स्नायू भरत नाहीत, भूक आवरत नाही. शेवटच्या महिन्यात अंगात ताकद कमी असते. यंत्रावर किंवा रसायनांच्या कामावर असताना चक्कर येणे म्हणजे अपघात. पाळी बदलून मिळेल का, सुट्टी मिळेल का, हे विचारल्याशिवाय स्पर्धेची तारीख ठरवू नका.

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. त्यामुळे इकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढे भरती असते. राखीव दलाच्या मैदानी चाचणीत ५ किलोमीटर धावावे लागते. चरबी उतरवून सुकलेल्या शरीराने ते धावणे होत नाही. एकाच हंगामात भरती आणि स्पर्धा दोन्ही धरू नका. भरती आधी. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते, वयोमर्यादा मात्र निघून जाते.

आधी तपासणी

तयारी सुरू करण्याआधी शिरूर किंवा दौंडच्या सरकारी रुग्णालयात जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, लघवी तपासून घ्या. घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर हृदयाचा ईसीजीही काढा. भरपूर मांस-अंडी खाणाऱ्याचे क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून काय खातो ते डॉक्टरांना सांगा.

आपल्या समाजासाठी एक तपासणी विशेष महत्त्वाची, सिकलसेलची. हा आजार विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध कुटुंबांमध्ये जास्त आढळतो. कामासाठी तिकडून इकडे आलेली आणि तिकडे सोयरीक असलेली घरे आपल्याकडे आहेत. दोन जनुकांपैकी एकच सदोष असेल तर माणूस 'वाहक' असतो. एरवी त्याला काहीच त्रास होत नाही. पण कडक उन्हात, अंगात पाणी कमी असताना, शक्तीबाहेर मेहनत केली तर वाहकाचे स्नायू अचानक खराब होऊ शकतात, मूत्रपिंड बंद पडू शकते, क्वचित जीवही जातो. वाहकाने व्यायाम करू नये असे नाही. त्याने पाणी तोडू नये आणि दम लागला की थांबावे. यासाठी २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. सरकारी दवाखान्यात या तपासणीबद्दल जरूर विचारा.

शेवटचा आठवडा

एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. त्याच आठवड्यात पोरांना सांगितले जाते, की पाणी बंद कर, मीठ बंद कर, लघवीची गोळी घे, म्हणजे शिरा दिसतील. हे ऐकू नका. स्नायूंचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी तोडले की स्नायूही पिचतो. लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम बिघडते आणि हृदय थांबू शकते. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हे जगप्रसिद्ध स्पर्धक हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांत वारले, आणि त्याचे कारण अशाच गोळ्या मानले जाते.

पुणे, पिंपरी-चिंचवडकडे पोलिसांनी जिमच्या पोरांना विकली जाणारी मेफेंटरमाइनची इंजेक्शने पकडली आहेत. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठी असते. धडधाकट माणसाने घेतले तर रक्तदाब भडकतो, ठोके बिघडतात, पुढे सवय लागते.

ज्यांनी आधीच काही घेतले आहे, त्यांनी लाजू नये. एकच सुई दोघांत वापरली असेल तर एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांची तपासणी करा. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. स्टेरॉइड घेणाऱ्याची छाती सुजते, वृषण लहान होतात, मूल होण्यात अडचण येते. डॉक्टरांना खरे सांगितले तरच उपचार होतात.

औषध न घेताही शरीराला ताण पडतो

२०१३ साली अमेरिकेत एका नैसर्गिक स्पर्धकाचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सहा महिने स्पर्धेआधी आणि सहा महिने नंतर. त्याची चरबी सुमारे १५ टक्क्यांवरून साडेचार टक्क्यांवर आली. पण विश्रांतीतले नाडीचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ झाले, पुरुषी हार्मोन चौथाईवर आले, चिडचिड आणि उदासी कित्येक पटींनी वाढली. स्पर्धेनंतर हार्मोन आणि चरबी पुन्हा पहिल्यासारखी झाली, पण त्याला काही महिने लागले. म्हणून चषक मिळो न मिळो, नंतरचे चार-सहा महिने खाणे हळूहळू वाढवण्यासाठी राखून ठेवा. मुलींनी लक्षात ठेवावे, की चरबी फार उतरली की पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. एक पाळी चुकली तरी आधी दवाखाना.

घरच्यांनी ही लक्षणे ओळखावीत : उठताना डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड किंवा दुखणे, काळ्या चहासारखी लघवी, बेशुद्धी, काही दिवस सलग न बोलणे किंवा रडणे. अशा वेळी तयारी तिथेच थांबवा. छातीत दुखले किंवा माणूस बेशुद्ध पडला, तर १०८ ला फोन करा.

वहीत लिहा आणि ठरवा

१. दोन-तीन वर्षे अखंड व्यायाम झाला आहे का?
२. वय १८ पूर्ण आहे का?
३. स्पर्धेला निदान सोळा ते अठरा आठवडे आहेत का?
४. दुसऱ्याचे ताट कमी न करता खर्च भागतो का?
५. पाळी, परीक्षा किंवा भरती आड येत नाही ना?
६. तपासण्या, सिकलसेलसह, झाल्या आहेत का?
७. औषध न घेता शेवटचा नंबर आला तरी मला चालेल का?

सातही उत्तरे 'हो' असतील तर खुशाल नाव द्या, आम्ही टाळ्या वाजवायला येऊ. एखादे 'नाही' असेल तर ते 'हो' करण्यासाठी पुढचे वर्ष वापरा. मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही विनंती आहे : स्पर्धेची तारीख निदान पाच महिने आधी जाहीर करा, स्पर्धा संध्याकाळी घ्या, मंचामागे पाणी आणि सावली ठेवा आणि एक परिचारिका किंवा डॉक्टर बसवा.