चढाच्या वाटेवरच्या खुणा

जुनवानी, भिलाई
वसुबारस, 2025

चि. बाळूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

आडवळणं न घेता लिहिते. परवा दुर्गहून तुझी मावशी आली होती. तिच्या कानावर आलं ते असं, की कोजागरीला तिकडे कोरियात छुसक सणाची मोठी सुट्टी होती, सगळे आपापल्या घरी गेले आणि तू खोलीचं दार लावून दिवसचे दिवस पडून राहिलास. मी बांधून दिलेलं पुस्तकांचं पार्सल पलंगाखाली आहे, त्याची सुतळीसुद्धा सुटलेली नाही. वर तू म्हणालास म्हणे, "पोहांगमध्ये बघण्यासारखं आहे काय? शिक्षण सोडून येतो." मावशी चहा घेऊन गेली. मला मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पार्सल उघडलं नाहीस, हे खरं का?

अरे, तू भिलाईचा. तुझ्या बाबांची उभी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर गेली. आपली पहिली भट्टी 1959 च्या फेब्रुवारीत पेटली. तुझ्या पोहांगच्या कारखान्यातून पोलाद निघायला 1973 उजाडलं. म्हणजे ते गाव आपल्या टाऊनशिपचं धाकटं भावंडच. त्याला परकं मानायला तुझी जीभ वळली तरी कशी? 1950 च्या ऑगस्टमध्ये, कोरियन युद्धात, त्याच गावातल्या मुलींच्या एका शाळेत 71 शाळकरी पोरं बंदुका घेऊन उभी राहिली होती. बहुतेक परत आली नाहीत. तुझ्याहून लहान होती रे ती. आणि बघण्यासारखं काही नाही म्हणतोस? शेजारी ग्योंगजू आहे, सिल्ला राज्याची जवळजवळ हजार वर्षांची राजधानी. सातव्या शतकातली दगडी वेधशाळा तिथे अजून उभी आहे. बसनं तासाभराचाही रस्ता नाही.

मी दिलेला तो नकाशांमधून कोरियाचा इतिहास सांगणारा ग्रंथ आधी उघड. त्यात मी एक ट्रेसिंग पेपर घडी करून ठेवला आहे. त्यावर मी स्वतः काढलेला कोरियाचा किनारा आहे आणि पोहांगजवळ समुद्रात घुसलेल्या टोकाशी लाल पेन्सिलीनं गोल केलेला आहे. 1903 मध्ये एका जपानी भूशास्त्रज्ञाला हा देश सशासारखा दिसला. पाच वर्षांनी छ्वे नाम-सोन या अठरा वर्षांच्या पोरानं आपल्या मासिकात त्याच किनाऱ्याचा वाघ काढून दाखवला. किनारा तोच, बघणारा डोळा बदलला. तो लाल गोल म्हणजे त्या वाघाचं शेपूट. तिथवर तरी गेलास का?

आता रागावते आहे, तर पुरतं रागावून घेते. 1945 च्या ऑगस्टमध्ये दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी एका रात्री, घाईघाईत, मासिकातल्या एका नकाशावर 38 अंश अक्षांशाची रेघ धरली आणि देशाचे दोन तुकडे झाले. त्या दोघांतला एकही कोरियाचा जाणकार नव्हता. पुढे 1953 मध्ये युद्धकैद्यांची राखण करायला आपली फौज गेली, तिचे प्रमुख आपले कोल्हापूरचे जनरल थोरात. आपल्या घरी अण्णा ही गोष्ट जेवताना किती वेळा सांगायचे, आठवतं? दक्षिणेच्या सरकारनं आपल्या जवानांना जमिनीवर पाऊल टाकू दिलं नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरनं सीमेवर उतरवलं. त्यांना पाऊल टाकायला मनाई होती. तुला कुणाची मनाई आहे? न बघता गावावर रेघ मारू नकोस बाळू, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, पस्तावून सांगते आहे. 1974 मध्ये नागपूरहून लग्न होऊन मी भिलाईत आले. सेक्टरमधल्या क्वार्टरशेजारी एक छत्तीसगढी दाई राहायची. दर हरेलीच्या सणाला गरम चीला आणून द्यायची आणि म्हणायची, आमच्या गावाला चल, पोरं बांबूच्या गेंडीवर चढून चालतात ते बघ. माझं आपलं दर वेळी एकच, वह्या तपासायच्या आहेत. मनातून मात्र मी नागपूरचे दिवस मोजत होते. अकरा वर्षं असंच चाललं. मग तिचा नवरा रिटायर झाला आणि ती दोघं गावी गेली. गाव शिवनाथपलीकडे कुठेतरी, एवढंच मला माहीत. मी शाळेत जगाचा भूगोल शिकवत होते आणि शेजारणीचं गाव मला नकाशावर दाखवता येत नव्हतं. आजही येत नाही. संध्याकाळी जुनवानीच्या रस्त्यानं कोहक्याकडे चालत जाते तेव्हा डोक्यावर भारा घेतलेली एखादी म्हातारी दिसते आणि काळजात कळ येते.

त्या पार्सलमध्ये ली जुंग-ह्वान या जुन्या कोरियन विद्वानाचं पुस्तकही आहे, 1751 चं. दरबारी भांडणांत त्याची नोकरी गेली, हद्दपारी आली आणि वर्षानुवर्षं तो देशभर भटकला. राहायला गाव कसं निवडावं, याच्या चार कसोट्या त्यानं दिल्या: जमिनीची ठेवण, पोटापाण्याची सोय, माणसांची मनं आणि डोंगर-पाणी. पहिल्या दोन तुला खोलीत बसूनही कळतील. पण माणसांची मनं? ती दार लावून कशी कळणार? खालच्या खानावळीतल्या बाईशी तरी बोलतोस ना? जेवतोस ना वेळेवर?

आणखी एक सांगते, मग थांबते. किम जोंग-होनं केलेला कोरियाचा 1861 चा मोठा नकाशा मी वर्गात कितीदा सांगितला असेल. घडी घालता येणारे बावीस भाग, सगळे जोडले तर साडेसहा मीटरहून उंच. राजानं त्याला तुरुंगात टाकलं आणि नकाशाचे लाकडी ठसे जाळले, असंही मी वीस वर्षं सांगत आले. पुढे वाचनात आलं, की त्या गोष्टीला आधार नाही. त्यातले काही ठसे आजही सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ऐकीव गोष्ट मी पोरांच्या मनात खरी म्हणून पेरली. मग मावशीनं आणलेली गोष्ट तरी मी शब्दन् शब्द खरी का धरावी? कदाचित तू आजारी असशील. कदाचित नुसता दमला असशील. ते आधी विचारायचं सोडून मी दोन पानं रागावले.

त्या नकाशात रस्त्यांवर दर दहा री अंतराला एक बारीक आडवी खूण आहे. दहा री म्हणजे साधारण चार किलोमीटर. सपाटीवर या खुणा लांब लांब पडतात आणि डोंगरात जवळ जवळ येतात, कारण घाटात तेवढंच चाललं तरी माणूस फारसा पुढे सरकत नाही. चालणारा मात्र पुरते दहा री चाललेला असतो. तुझं हे वर्ष घाटातलं आहे रे. तू पुढे सरकला नाहीस असं कुणी म्हणो, मी म्हणणार नाही.

शिक्षण सोडायचंच असेल तर सोड. वरची खोली झाडून ठेवली आहे, तुझी गादी उन्हात घातली आहे. फक्त एकदा समुद्रापर्यंत जाऊन ये आणि मग ठरव. पार्सल नाही उघडलंस तरी चालेल, फोन कर. तुझ्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन. मी जागीच असते.

तुझी,
आत्या