दूतावासात आश्रय : मुलांना कसं समजावून सांगावं?



एखाद्या देशातल्या विरोधी पक्षनेत्याने दूतावासात आश्रय घेतला, अशी बातमी आली की मुलं हमखास विचारतात, "सर, पोलीस आत का जात नाहीत?" आपलं तयार उत्तर असतं, "दूतावास म्हणजे परक्या देशाची भूमी." हे उत्तर बरोबर नाही. दिल्लीतला कुठलाही परकी दूतावास भारताच्याच भूमीवर आहे. फक्त १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २२ नुसार, दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या पोलिसांना आत जाता येत नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ

- विस्थापित : घरदार सुटलं, पण माणूस आपल्याच देशात आहे. आपल्या इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेलं. तिथले लोक विस्थापित.
- निर्वासित : छळाच्या भीतीने देश सोडावा लागलेला माणूस.
- राजकीय आश्रय : अशा माणसाला दुसऱ्या देशाने दिलेलं संरक्षण. बातम्यांत याला 'राजाश्रय'ही म्हणतात. कवी-कलावंतांना मिळायचा तो राजाश्रय वेगळा, हे मुलांना जरूर सांगा.

उदाहरण १ : मार्सेलिस, १९१०

विनायक दामोदर सावरकरांना खटल्यासाठी 'मोरिया' जहाजातून इंग्लंडहून मुंबईला आणलं जात होतं. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात त्यांनी उडी मारली आणि पोहत फ्रान्सचा किनारा गाठला. पण फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. आश्रयाचा विचार व्हायला वेळच मिळाला नाही. पुढे फ्रान्सने त्यांना परत मागितलं आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला : ताबा देताना अनियमितता झाली, तरी ब्रिटनने त्यांना परत करायची गरज नाही. तोवर इकडे त्यांना दोन जन्मठेपा ठोठावल्या गेल्या होत्या.

उदाहरण २ : माले, २०१३

मालदीवचे माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद तेव्हा विरोधी नेते होते. एका न्यायाधीशाच्या अटकेवरून त्यांच्यावर खटला चालू होता. हा खटला राजकीय हेतूने भरलाय, असं त्यांचं म्हणणं. अटकेचं वॉरंट निघाल्यावर १३ फेब्रुवारी २०१३ ला ते मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयात गेले. (राष्ट्रकुल देश एकमेकांच्या दूतावासाला उच्चायुक्तालय म्हणतात.) चर्चेनंतर २३ फेब्रुवारीला ते स्वतःहून बाहेर पडले. मार्चच्या सुरुवातीलाच त्यांना अटक झाली. २०१५ मध्ये तेरा वर्षांची शिक्षा झाली, आणि २०१६ मध्ये ब्रिटनने त्यांना आश्रय दिला.

यातून काय शिकायचं?

सावरकर परक्या भूमीवर पोचले होते, तरी वाचले नाहीत. नशीद मालदीवच्याच भूमीवर होते, तरी दहा दिवस त्यांना कुणी हात लावला नाही. म्हणजे नुसती भूमी माणसाला वाचवत नाही. समोरचा अधिकारी त्या क्षणी काय करतो आणि त्याचं सरकार किती ठाम राहतं, यावर सगळं ठरतं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १४ आश्रय मागण्याचा हक्क देतं, पण तो दिलाच पाहिजे असं कुठल्या देशावर बंधन घालत नाही. भारताने तर १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही. तरीही १९५९ मध्ये दलाई लामांना आपण आश्रय दिला.

वर्गासाठी उपक्रम

बारामती असो की इंदापूर, आठवीच्या पुढच्या कुठल्याही वर्गात हा उपक्रम जमतो. तीन गट करा : फाटकाबाहेरचे पोलीस, आत आलेला नेता आणि दूतावासातले अधिकारी. प्रत्येक गटाने आपली बाजू पाच मिनिटांत मांडायची. मग अधिकाऱ्यांच्या गटाला दोन प्रश्न विचारा :

१. हा माणूस खराच छळाला कंटाळून आलाय की गुन्हा करून पळालाय, हे कसं ओळखाल?
२. त्याला ठेवून घेतलं तर शेजारी देशाशी संबंध बिघडतील. बाहेर काढलं तर त्याच्या जिवाचं काय?

पालकांनी हेच प्रश्न घरी जेवताना विचारून बघावेत. उत्तर सांगायची घाई मात्र करू नका. मुलं एकमेकांना "पण का?" असं विचारायला लागली, की तास चांगला झाला समजा.