कादंबरीवरून विज्ञानपट: धाराशिवच्या विद्यार्थ्यांसाठी खर्चाचा हिशेब

कॅमेऱ्याचं भाडं विचारण्याआधी एक पत्र लिहा. कादंबरीवर चित्रपट करणाऱ्या विद्यार्थ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. चित्रीकरण होतं, संकलन होतं आणि महोत्सवाचा अर्ज भरताना मूळ कथेच्या हक्काचा कागद मागितला जातो. तो नसेल तर आधीचा सगळा खर्च अडकून पडतो.

भारतात लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यावर पुढची साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, म्हणजे त्यांची ‘प्रेषित’ किंवा ‘वामन परत न आला’ २०८५ अखेरपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर हक्क कुणाचे ते छापलेलं असतं. प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र पाठवा. त्यात चित्रपट विद्यार्थ्यांचा आहे, किती मिनिटांचा आहे, कुठे दाखवणार आणि त्यातून पैसे मिळवणार की नाही, हे स्पष्ट लिहा. मानधनाला ठरलेला दर नसतो. बिगरव्यावसायिक कामासाठी सवलत मागण्यात संकोच नको, पण रक्कम पटकथा लिहायला घेण्याआधीच ठरवा.

होकार तोंडी किंवा फोनवर घेऊन थांबू नका. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करार करा आणि त्यात मुदत व प्रदेश जरूर घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूबवर टाकणार असाल तर ‘जगभर’ हा शब्द करारात हवाच. शिवाय वेगळं काही ठरलं नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो संपतो. परीक्षा, सबमिशन यांत चित्रीकरण पुढे ढकललं जातंच, म्हणून दोन वर्षांची मुभा मागून घ्या.

हा खर्च टाळायचा असेल तर एच. जी. वेल्स घ्या. ते १९४६ साली वारले. ‘द टाइम मशीन’, ‘द इन्व्हिजिबल मॅन’ यांचे हक्क आता खुले आहेत. मात्र मूळ इंग्रजी पुस्तकावरून स्वतः पटकथा लिहा, कारण मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो आणि तो अजून चालू असू शकतो. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’बाबत वेगळी अडचण आहे: भारतात ती खुली आहे, अमेरिकेत २०४४ अखेरपर्यंत नाही. यूट्यूब तिकडेही दिसतं, म्हणून ती सोडा. लोककथा घेतली तर हा प्रश्नच उरत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या चिदानंद नाईक यांच्या विद्यार्थी-लघुपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ विभागात पहिलं पारितोषिक मिळालं, त्याचा आधार कन्नड लोककथा होती.

अख्खी कादंबरी घेऊ नका. एक प्रकरण, एक प्रसंग, पंधरा मिनिटं. परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातले नागराज मंजुळे अहमदनगरला शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला. लघुपटच तो, पण राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला.

आता पैसे. पुढचे आकडे अंदाजपत्रक मांडण्यापुरते धरा. भाडं गावागणिक आणि हंगामागणिक बदलतं. बारा जण, चार दिवस, पंधरा मिनिटांचा चित्रपट असा हिशेब मांडू. दोन लेन्ससह कॅमेऱ्याला रोज अडीच हजार म्हणजे दहा हजार. ध्वनीचा संच रोज दीड हजार, सहा हजार. दिवे आणि जनरेटरला आठ हजार. प्रवासाला दहा, वेशभूषा व यंत्रांच्या प्रतिकृतींना दहा. चित्रीकरण साठवायला दोन हार्ड डिस्क, बारा हजार. जेवण-नाश्ता-चहा माणशी रोज तीनशे, म्हणजे १४,४००. बेरीज ७०,४०० होते. वर दहा टक्के राखीव ठेवले की साधारण साडेसत्त्याहत्तर हजार. कथेच्या हक्काचे वेगळे.

यात कुठे काटायचं? कॅमेऱ्यात. एखाद्याचा चांगला फोन आणि स्टँड यांवर काम निभतं. ध्वनीत मात्र काटू नका. पवनचक्क्यांजवळच्या माळावर वारा इतका असतो की माइकला केसाळ आवरण नसेल तर संवाद पुन्हा स्टुडिओत बोलून घ्यावे लागतात आणि वाचवलेले पैसे दुप्पट जातात. दुसरी हार्ड डिस्कही चैन नव्हे. रोज संध्याकाळी दोन्हींवर प्रत काढा. जेवणावरही हात आखडू नका, उन्हात फुकट राबणाऱ्या मित्रांना तेवढं द्यायलाच हवं.

विज्ञानपट म्हटला की इफेक्ट्सची धास्ती वाटते. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातच केलेल्या ‘फ्लो’ या ॲनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. संकलनाला आणि रंगसंस्काराला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. खर्च होतो तो वेळेचा आणि दमदार संगणकाचा. कॉलेजच्या लॅबमध्ये रात्री रेंडर लावायची परवानगी मिळवा.

आणि जिल्हा स्वतःच मोठा सेट आहे. बालाघाटच्या पठारावरच्या पवनचक्क्या रस्त्यावरून चित्रित केल्या तरी भविष्यकाळ उभा राहतो. तेर, म्हणजे प्राचीन तगर. जमिनीखाली गाडलेल्या संस्कृतीची गोष्ट सांगायला याहून योग्य गाव कुठलं? फक्त उत्खननाचं दृश्य संरक्षित जागेत नको, ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात करा आणि खड्डा बुजवून द्या. नळदुर्गचा पाणीमहाल, धाराशिवची लेणी किंवा तेरचं लामतुरे संग्रहालय हवं असेल तर पुरातत्त्व विभागाला, येडशीच्या रामलिंग अभयारण्यासाठी वन विभागाला लेखी अर्ज लागतो. प्राचार्यांच्या सहीचं पत्र जोडा, विद्यार्थी-सवलत आहे का ते त्याच अर्जात विचारा आणि महिनाभर आधी द्या. शारदीय नवरात्रात तुळजापूरच्या आसपास काम ठेवू नका. खोली आणि गाडी दोन्ही महाग होतात, मिळतीलच असंही नाही.

ड्रोन २५० ग्रॅमपर्यंतचा असेल तर वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर ती जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते पाहा. खेळण्यातल्या बंदुका किंवा पोलिसी गणवेश वापरणार असाल तर ठाण्यात आधी पत्र द्या.

शेवटचा खर्च दाखवण्याचा. यूट्यूबला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, चित्रपटगृहात लागतं. महोत्सवांची प्रवेश-फी मात्र साठत जाते, म्हणून विद्यार्थ्यांना फी माफ असलेले महोत्सव आधी निवडा आणि त्यांच्या अंतिम तारखा भिंतीवर लावूनच चित्रीकरणाचा महिना ठरवा.