लघवीतलं अल्ब्युमिन काय सांगतं

तालुक्याच्या गावात मधुमेह आणि बीपीचे पेशंट तपासता तपासता पक्क्या झालेल्या काही गोष्टी.

१. युरीन रुटीनच्या रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन : निल’ दिसलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण लघवीत बुडवायच्या पट्टीला या प्रथिनाची थोडी गळती कळत नाही. त्यासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, म्हणजे एसीआर, वेगळं लिहून द्यावं लागतं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. 30 ते 300 च्या टप्प्यात माणसाला काहीच जाणवत नाही. पाय सुजत नाहीत, फेस दिसत नाही. आणि नेमकं याच टप्प्यावर हातात खूप काही असतं.

२. रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे, एवढ्यावर थांबू नये. किडनीची बरीच ताकद गेल्यावर ते वाढतं.

३. ‘डॉक्टर, दुखतंय छातीत आणि तुम्ही लघवी का तपासताय?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून मी बसवून उत्तर देतो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, तो अतिशय बारीक रक्तवाहिन्यांच्या झुपक्यांतून. त्यांच्या अस्तराला इजा झाली की अल्ब्युमिन निसटतं. तसंच अस्तर हृदयात, मेंदूत, डोळ्यांतही असतं. डेन्मार्कमधल्या स्टेनो रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 1989 मध्ये हाच विचार मांडला: लघवीतलं अल्ब्युमिन ही साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडाची खूण असू शकते. त्याआधी 1984 मध्ये डेन्मार्कमधल्याच मोगेन्सेन यांनी दाखवलं होतं, की उतारवयात मधुमेह झालेल्यांपैकी ज्यांच्या लघवीत थोडंसं अल्ब्युमिन जातं, त्यांना लवकर मृत्यूचा धोका जास्त असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2023 मध्ये हृदय, किडनी आणि चयापचय यांचे आजार एकाच साखळीत बांधले. आपल्याकडे मात्र पेशंट अजूनही तीन डॉक्टरांच्या तीन फायली घेऊन फिरतो, आणि एसीआर तिन्हींत नसतो. हे मला मनापासून खुपतं.

४. एका रिपोर्टवरून कुणाला घाबरवू नये. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचे अंगमेहनतीचे कष्ट यांनीही आकडा चढतो. ऊसतोडीच्या दिवसांत हे लक्षात ठेवावंच लागतं. सकाळची पहिली लघवी घ्यावी. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा जास्त आलं, तर खरं मानावं.

५. टाइप टू मधुमेह कळला त्याच वेळी एसीआर करावा, मग दरवर्षी. टाइप वनमध्ये पाच वर्षांनी सुरुवात. नुसतं बीपी असलेल्यांचाही करावा.

६. उपाय आहेत, आणि आवाक्यातले आहेत. लोसार्टन या बीपीच्या गोळीने मधुमेही किडनीचा ऱ्हास मंदावतो, हे 2001 मध्येच सिद्ध झालं. 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचा फायदा मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांतही दिसला. त्याच वर्षी भारतात तिचं मूळ पेटंट संपलं आणि पुढे किंमत उतरली. लोसार्टनच्या गटातली गोळी सुरू केली की दोनेक आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघावं. गर्भवतीला ती द्यायची नाही.

७. मावशींना, काकांना मी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो. बीपीच्या पाकिटांखाली हमखास मेडिकलमधून परस्पर आणलेली गुडघेदुखीची गोळी निघते. अशा वेदनाशामक गोळ्या किडनीला इजा करतात, म्हणून तीच आधी बंद करायची असते.