संगणक सुरू होत नाही तेव्हा

जून महिना आला की शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाची लगबग सुरू होते आणि उत्पन्नाच्या, जातीच्या, अधिवासाच्या दाखल्यांसाठी गावोगावच्या सेवा केंद्रांपुढे गर्दी दिसू लागते. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एका खेड्यातील केंद्राच्या दारावर ‘संगणक बंद आहे’ अशी पाटी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली. पाटी लागून दोन दिवस झाले होते. दिवसाची मजुरी बुडवून आलेली माणसे ती वाचून परत जात होती. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून तंत्रज्ञ आला. त्याने टेबलाखाली वाकून विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डावरील, जास्त भार येताच बाहेर येणारे, छोटे बटन आत दाबले आणि संगणक सुरू झाला.

यात केंद्रचालकाला दोष देण्याचे कारण नाही. संगणक चालवावा कसा, हे त्याला शिकविण्यात आले होते. तो चालेनासा झाला तर काय पाहावे, हे कोणी सांगितले नव्हते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला आहे. अर्ज संगणकावरच भरावयाचा असल्याने बंद संगणक ही केवळ कार्यालयाची अडचण राहत नाही, ती अर्जदाराची अडचण होते. म्हणूनच ही प्राथमिक तपासणी प्रत्येकास माहीत असावयास हवी.

प्रथम लक्षण ओळखावे

‘संगणक बंद आहे’ या एका वाक्यात तीन निरनिराळे दोष दडलेले असतात. बटन दाबूनही दिवा लागत नाही व पंखा फिरत नाही, हा पहिला प्रकार. पंखा क्षणभर फिरून थांबतो, हा दुसरा. पंखा फिरत राहतो, पण पडदा काळाच राहतो, हा तिसरा. पहिल्या प्रकारात वीज आत पोहोचत नसण्याचा संभव अधिक असतो. दुसऱ्यात आत कोठेतरी शॉर्ट सर्किट असल्याची शंका घ्यावी. तिसऱ्यात वीजपुरवठा बहुधा ठीक असतो. मॉनिटरचा स्वतःचा खटका, त्याची केबल आणि आतील रॅमची पट्टी यांकडे पाहावे. तंत्रज्ञास दूरध्वनी करताना यांपैकी नेमके लक्षण सांगितले, तर तो योग्य सुटा भाग घेऊनच येऊ शकतो.

भिंतीपासून संगणकाकडे

शोधाचा क्रम विजेच्या प्रवाहाबरोबर असावा. प्रारंभ भिंतीवरील सॉकेटपासून करावा. येथे केवळ टेस्टरवर विसंबू नये. टेस्टरचा दिवा फेजची तार जिवंत असल्याचे दाखवितो, न्यूट्रल तुटली असल्यास ते त्यावरून कळत नाही. त्यापेक्षा त्याच सॉकेटमध्ये चालू स्थितीतील टेबल-दिवा लावून पाहावा. तो लागला, तर एक्स्टेन्शन बोर्ड पाहावा.

त्यापुढील टप्पा यूपीएसचा. त्यातील बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि अशी बॅटरी असलेले काही यूपीएस घरात वीज असूनही सुरू होत नाहीत. यासाठी तात्पुरते यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावा. संगणक चालला, तर दोष यूपीएसमध्ये आहे हे सिद्ध होते.

मग संगणकाची केबल. मॉनिटरची केबल त्याच घडणीची असेल व मॉनिटरचा दिवा लागत असेल, तर ती केबल संगणकास लावून पाहावी. पेटीच्या मागील बाजूस केबलजवळ एक स्वतंत्र खटका असतो. साफसफाई करताना तो नकळत बंद होतो. काही जुन्या यंत्रांवर ११५ व २३० असे आकडे असलेला लाल खटकाही असतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असल्याने तो २३० वरच राहिला पाहिजे. ११५ वर सरकविल्यास आतील भाग जळतो.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र इत्यादी सर्व बाहेरील जोडण्या काढाव्यात. एखाद्या बिघडलेल्या जोडणीमुळेही संगणक अडून बसतो. नंतर विजेची केबल काढून पुढील बटन सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे, थोडा वेळ थांबावे आणि केबल पुन्हा लावावी. विजेच्या झटक्यानंतर आतील संरक्षक योजना संगणकाचा पुरवठा रोखून धरते. उरलेली वीज ओसरली की ती पूर्ववत होते.

हे करताना एक नियम पाळावा: एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर संगणक चालेलही, परंतु दोष कोठे होता हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा आरंभापासून शोध घ्यावा लागेल.

कोठे थांबावे

पेटीचे झाकण उघडण्याचे काम माहीतगारानेच करावे, तेही केबल पूर्णपणे काढून आणि पेटीच्या धातूला हात लावून, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत नाजूक भागांत जात नाही. आत धूळ, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, मदरबोर्डावरील सैल झालेले जोड, रॅमची सुटलेली पट्टी यांची पाहणी करता येते. मदरबोर्डावर लहान दिवा असल्यास व तो लागत असल्यास तेथवर वीज येत आहे. मग पुढील बटन किंवा त्याच्या बारीक तारा संशयास्पद ठरतात.

आतील धातूची वेगळी डबी, म्हणजे एसएमपीएस, मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून संगणकास लागणारी १२, ५ व ३.३ व्होल्टची एकदिश वीज ती तयार करते. या क्रियेत तिच्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठतो आणि केबल काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. ही डबी दुरुस्त करीत बसण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. जळका वास, धूर किंवा ठिणगी दिसल्यास भिंतीवरील खटका बंद करावा व संगणक पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा.

नोंदी गेल्या काय?

संगणक बंद पडला की गावाच्या नोंदी गेल्या, अशी भीती अनेकांना वाटते. ती बहुधा निराधार असते. माहिती डिस्कवर साठविलेली असते आणि वीज नसली तरी ती तेथे राहते. संगणकात वीजच येत नसेल, तर डिस्क पुसून काढण्याने काहीही साधत नाही. कोणी तसा सल्ला दिल्यास तो मानू नये. तथापि अचानक वीज गेल्याने किंवा मोठ्या झटक्याने डिस्कवरील माहितीस इजा होऊ शकते, म्हणून नोंदींची दुसरी प्रत नियमितपणे स्वतंत्र ठिकाणी ठेवणे अगत्याचे आहे.

पूर्वकाळजी

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्यापूर्वीच प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. केवळ खटका बंद करणे पुरेसे नाही. सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. पेटी जमिनीवर न ठेवता ओल व धूळ यांपासून दूर ठेवावी. निकामी बॅटरी व सुटे भाग भंगारात न देता अधिकृत संकलकाकडे सोपवावेत. त्यासाठी २०२२ चे केंद्र शासनाचे नियम आहेत.

वर सांगितलेला क्रम एका कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवावा आणि शेजारी एक वही ठेवून कोणता दोष केव्हा आढळला, हे तीत टिपावे. या तपासणीला पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती झाल्यावरही संगणक सुरू झाला नाही, तर ‘बंद आहे’ एवढीच पाटी लावू नये. जवळचे दुसरे केंद्र कोणते, हे त्याच पाटीवर लिहावे. म्हणजे मजुरी बुडवून आलेल्या माणसाची फेरी व्यर्थ जाणार नाही.